सान जिमिन्यानो, इटली: मुक्काम, मनोरा आणि केशराचं दुकान (माझे ४.५ स्टार)

सांगलीतनं इटलीला जाणारे बहुतेक रोम, व्हेनिस, पिसा करून येतात, ते बघाच, पण तस्कनीतल्या सान जिमिन्यानोला एक रात्र तरी काढा असं मी आता भेटेल त्याला सांगतोय. टेकडीवरचं तटबंदीतलं छोटं गाव, आणि त्यातनं वर आलेले दगडी मनोरे, बसमधनं लांबूनच दिसायला लागतात.

मला ओढ होती ती केशराची. आमच्या घरात हळदीचा धंदा, त्यामुळं एका पिकावर बाजारपेठ कशी उभी राहते ते लहानपणापासनं बघितलंय, आणि हे गाव मध्ययुगात केशरावर असंच वर आलं. उत्तरेकडनं रोमला जाणारा यात्रेकरूंचा रस्ता, व्हिया फ्रांचिजेना, गावातनंच जायचा, व्यापारी उतरायचे, केशर बाहेर जायचं, पैसा यायचा, मग पैसेवाली घराणी एकमेकांच्या चढाओढीत मनोरे बांधायची. ७२ होते म्हणतात, आता १४ उरलेत. १३४८ ला प्लेग आला, १३५३ ला गाव फ्लॉरेन्सच्या ताब्यात गेलं, व्यापाराचा रस्ताही खाली सपाटीकडं सरकला. जुनं पाडून नवं बांधायला पैसाच राहिला नाही, म्हणून जुनं टिकलं! १९९० पासनं युनेस्कोच्या यादीत आहे. २००५ च्या महापुरात सांगलीजवळच्या आपल्या हरिपूरची बरीच हळदीची पेवं, म्हणजे हळद साठवायची जमिनीखालची कोठारं, गेली, जी उरलीत ती तरी अशी नीट माहिती लावून, तिकीट ठेवून लोकांना दाखवायला पाहिजेत, हे तिथं फिरताना सारखं मनात येत होतं.

तोर्रे ग्रोसा हा सगळ्यात उंच मनोरा, ५४ मीटर, १३११ मध्ये पूर्ण झालेला. नगरपालिकेच्या म्युझियमच्या तिकिटातच वर जाता येतं. जिना लोखंडी आहे, शेवटी मात्र अगदी उभी शिडी, गुडघेदुखीवाल्यांनी विचार करून चढा. वरनं द्राक्षांचे मळे बघून तासगावची आठवण येणार म्हणजे येणारच.

आता केशराचं दुकान. गल्लीतलं छोटंसं, पण बाई मनापासनं माहिती सांगतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात फुलं पहाटे, उमलायच्या आत हातानं खुडायची, त्याच दिवशी आतले लाल तंतू हातानंच काढून वाळवायचे, एका ग्रॅमला शंभरावर फुलं लागतात. २००५ पासनं या केशराला युरोपचं डीओपी मानांकन आहे, सांगलीच्या हळदीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे तसंच. आणि विकतात ते अख्ख्या काड्यांतच, पूड नाही. आपण पारखून घ्यायचं तर हळकुंडच घेतो ना, पुडीत काय मिसळलंय कुणाला कळतंय, त्यामुळं ही गोष्ट मला फार आवडली. महाग आहे, एवढीशी कुपी घेताना हात आखडतो, पण घरी आल्यावर कोमट दुधात चार काड्या टाकल्या तर रंग सावकाश उतरत गेला आणि वास घरभर, श्रीखंडात तर लय भारी लागलं.

पियाझ्झा देल्ला चिस्तेर्ना म्हणजे मधे जुनी विहीर असलेला चौक, तिथं गेलातेरिया दोंदोली आहे, त्यांचं केशर आणि चिलगोज्यासारख्या बियांचं आइस्क्रीम खाल्ल्याशिवाय परत येऊ नका, लाइन मोठी असली तरी पटापट सरकते.

अर्धा स्टार कापला तो दुपारच्या गर्दीसाठी, टूरच्या बस आल्या की मुख्य रस्त्यावर चालायला जागा नाही आणि निम्म्या दुकानांत तीच ती पिशव्या-मॅग्नेटं. संध्याकाळी बस गेल्या की गाव आपलं, म्हणूनच मुक्काम करा म्हणतोय. शाकाहारी असाल तर रिबोलिता म्हणजे पाव, घेवडा आणि भाज्यांचं दाट सूप मागा, पण मटणाच्या पाण्यात केलंय का ते विचारून घ्या, आणि चिंगियाले लिहिलंय तिथं रानडुकराचं मटण असतं.

गावाला रेल्वे स्टेशन नाही, फ्लॉरेन्सहून पोज्जिबोन्सीपर्यंत ट्रेन आणि तिथनं बस. चाकाची मोठी बॅग आणू नका, सगळा फरशीचा चढ आहे.