हू डू यू थिंक यू आर? : पान आधीच उघडलेलं असतं

पोराकडे इंग्लंडात रेडिंगला चार महिने राहायला आलोय. बाहेर सदा भुरभुर, त्यामुळे पोरानं बीबीसीचा 'हू डू यू थिंक यू आर?' लावून दिला. २००४ पासून चालू आहे म्हणे. एखादा नट, गायिका किंवा बातम्यांतला चेहरा आपल्या खापरपणज्यांच्या मागावर निघतो, गावं हिंडतो, दप्तरं चाळतो आणि तासाभरात कुठंतरी त्याचे डोळे भरतात. एवढाच मामला. मी ३१ वर्षं महसुलात होतो, त्यातली शेवटची ११ तालुक्याच्या रेकॉर्ड रूममध्ये. म्हणून मी तपासणीला आल्यासारखा बघत होतो, आणि आमची ही सरळ पदराला डोळे पुसत.

पहिली तक्रार धंद्याची. तज्ज्ञबाई जाडजूड वही आणून पुढ्यात ठेवतात आणि हवं ते पान उघडतं. पहिल्याच दमात! आमच्याकडे आधी गठ्ठा सापडायला हवा. वर चिठ्ठी एका गावाची, आत कागद दुसऱ्याच गावाचे, मधला जुडगा वाळवीनं खाल्लेला. हे पान ज्यानं आठवडेच्या आठवडे खपून काढलं असेल, तो शेवटी नावांच्या पट्टीत भर्रकन निघून जातो. तिथं मी एकटाच टीव्ही थांबवून नावं वाचतो.

हिची पहिली तक्रार वेगळी. "अहो, एवढ्या जुन्या कागदाला हातमोजे न घालता हात लावतायत!" पोरगा हसला. इथले प्रेक्षकही दरवेळी हेच ओरडतात म्हणाला. अभिलेखागारांचं म्हणणं नेमकं उलटं आहे: कागदाला धुतलेला, कोरडा हात बरा, मोज्यांत बोटाला कागद कळत नाही आणि कोपरा फाटतो. मोजे लागतात ते जुन्या फोटोंना. मला ते पटलं. मी तर थुंकी लावून पानं उलटणारे साहेब पाहिलेत.

आता भाग. डॅनी डायर हा लंडनच्या ईस्ट एंडचा रांगडा नट. २०१६ साली तो थेट तिसऱ्या एडवर्ड राजाचा वंशज निघाला. लोकांनी एवढं उचलून धरलं की पुढं २०१९ मध्ये त्याच्या राजघराण्यावर वेगळा कार्यक्रमच झाला. मजा येते, पण हिशेब करा. दर पिढीला पूर्वज दुप्पट. २० पिढ्या मागं गेलं की जागा दहा लाखांच्या वर. इतक्यांत एक राजा नसता तरच नवल! आमच्या सुनेला हे सांगितलं तर म्हणाली, "बाबा, बघू द्या ना."

उलट मायकेल पार्किन्सन. एवढा नामांकित मुलाखतकार, पण त्याच्या घराण्यात सांगण्यासारखं काहीच निघालं नाही म्हणून त्याला वगळलं. त्यानंच ते नंतर सांगितलं. मला तो भाग बघायला आवडला असता. आपण सगळे पार्किन्सनच की.

खरा भाग जेरेमी पॅक्समनचा. मंत्र्यांना फाडून खाणारा पत्रकार. त्याची पणजी ग्लासगोत विधवा, पदरात पोरं, आणि लग्नाशिवाय मूल झालं म्हणून तिची गरिबांची मदत तोडली. ही नोंद वाचताना हा बाप्या रडला. त्यात नाटकी काही नाही. रडू आलं ते कारकुनी भाषेमुळं, कोरड्या दोन ओळींमुळं. टीव्हीवरची निवेदिका अनिता राणी, तिच्या २०१५ च्या भागात तर आमच्या घरात कोणी बोललंच नाही. तिचे आजोबा फौजेत लांब होते आणि फाळणीच्या कत्तलीत त्यांची पहिली बायको आणि मुलं गेली. हिनं कणीक तशीच परातीत ठेवली होती.

ती प्रतिक्रिया मी टेबलाच्या अलीकडून पाहिलेली आहे. २०२३ च्या शेवटाला कुणबी नोंदींसाठी आमच्याकडे रांगा लागल्या. मोडी वाचणारे शोधून आणले, गाव नमुना १४ म्हणजे जन्म-मृत्यूच्या नोंदींची कोतवाल बुकं सगळी बाहेर काढली. एका शेतकऱ्याला त्याच्या पणजोबांच्या मृत्यूची नोंद सापडली. दाखल्याचं काम झालं होतं, मागं चाळीस माणसं उभी, तरी हा हलेना. "अजून काय लिहिलंय हो?" तारीख, आणि कारण: ताप. "कसला ताप?" एवढंच लिहिलंय, म्हटलं. तो त्या अक्षरांवर बोट ठेवून उभा राहिला. कॅमेरा नव्हता.

एक मात्र कबूल. इंग्लंडात १८३७ पासून जन्म-मृत्यूची सरकारी नोंद आहे, आणि जनगणनेचे कागद शंभर वर्षांनी माणसांच्या नावानिशी खुले होतात. १९२१ चे २०२२ ला झाले. आपल्या जनगणनेतलं नाव कोणाला बघायलाच मिळत नाही. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वंशावळीच्या वह्या आणि सांगली-कोल्हापूरकडं बैलावरनं येणारा, घराण्याच्या पिढ्या सांगणारा हेळवी. त्यानं ओट्यावर बसून म्हटलेल्या आमच्या सात पिढ्या मला पाठ आहेत.

पाचपैकी साडेतीन तारे. दीड कापला तो न दिसणाऱ्या कारकुनांसाठी. पहिल्यांदा बघणार असाल तर पॅक्समनपासून सुरू करा, राजेबिजे नंतर.

त्या भागानंतर हिनं विचारलं, "तुमच्या पणजीचं नाव काय हो?" हेळव्याच्या सात पिढ्या म्हणून पाहिल्या, सगळे बाप्येच. गावाकडं काकीला फोन लावला. ती म्हणाली, "तिला समदी वांगीची म्हणायची. नाव कोण घेतंय?" परत गेल्यावर वांगीच्या, म्हणजे तिच्या माहेरच्या गावच्या, कोतवाल बुकासाठी अर्ज टाकणार आहे. कोर्ट फी स्टॅम्प मीच चिकटवीन, आणि रांगेत पलीकडच्या बाजूला उभा राहीन.