आत्याला इंदूरच्या या वृद्धाश्रमात १४ महिने झाले, ४ स्टार देतोय, एक का कापला ते पण लिहितो

आत्या ८१ ची, लग्न केलं नाही, आयुष्यभर शाळेत शिकवलं आणि रामबागेत एकटीच राहायची. दोन वर्षांपूर्वी बाथरूममध्ये पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं, मग तिला सांभाळायला ब्यूरोच्या बाया सुरू झाल्या, चार महिन्यांत पाच बदलल्या, एक तर दुपारी आत्याचाच टीव्ही मोठ्याने लावून घोरत पडायची. आमच्याकडे आणावं तर फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. घरी का नाही ठेवलं विचारणाऱ्यांसाठी हे कारण, अजून एकदोन आहेत ती इथे लिहीत नाही.

तर जागा म्हणजे साधा दुमजली बंगला, खाली ११ जण आणि वर मालकीणबाई स्वतः राहतात. रात्री बेल वाजली की त्याच खाली येतात. संडासात दोन्ही बाजूंना धरायला दांडे, कमोड उंच, लादी खरखरीत (पहिल्यांदा गेलो तेव्हा मी चक्क मगभर पाणी ओतून त्यावर चालून बघितलं, बाई हसल्या पण काही बोलल्या नाहीत). एक आजोबा पूर्ण अंथरुणावर आहेत, त्यांची दर दोन तासांनी कूस बदलतात म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत, भिंतीवर कागद लावलाय त्यावर वेळ आणि सही. मी मुद्दाम अवेळी जाऊन तो कागद बघितलाय, पुढच्या सह्या आधीच मारून ठेवलेल्या नव्हत्या, खोलीला वासही नव्हता. कुठलंही होम बघायला जाल तर हॉलमधला सोफा सोडा, अंथरुणावरच्या माणसाची खोली दाखवा म्हणावं.

जेवणाचं म्हणाल तर सकाळी पोहे मिळतात पण ते आपले इंदुरी, वाफेवरचे, वर शेव न् जिरावन मसाला. आत्याला लागतात फोडणीचे, वरून ओलं खोबरं. पहिला महिना रोज कटकट, शेवटी एक दिवस वॉकर घेऊन स्वतःच किचनमध्ये गेली आणि स्वयंपाकाच्या दीदीचा तासच घेतला. आता दर गुरुवारी 'बहनजी वाले पोहे' होतात. ते बहनजी (म्हणजे शाळेतल्या बाई) पण तिने भांडून मिळवलंय, आधी सगळ्यांना सरसकट अम्मा म्हणायचे, ही म्हणाली मैं किसी की अम्मा नहीं हूँ, उमर भर बहनजी थी. वरणाऐवजी मात्र अजून जिऱ्याच्या तडक्याची दालच येते, ती काही सुधारायची नाही.

आता कापलेला स्टार. गेल्या पावसाळ्यात आत्या एकदम थंडावली, जुलैत स्वेटर, पोट साफ नाही, बोलणं कमी, भांडण तर बंदच. सगळे म्हणाले मन लागत नाहीये, वय झालं, मीही तेच धरून बसलो. डॉक्टरांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) करायला सांगितली तर ती भरपूर वाढलेली. थायरॉइडची गोळी चुकली म्हणावं तर रजिस्टरमध्ये रोजची टिक. मग दोन दिवस सकाळी ६ लाच जाऊन बसलो तेव्हा कळलं, थायरॉइडची गोळी, हाडांसाठीची कॅल्शियमची गोळी आणि चहा, तिन्ही एकाच ट्रेमध्ये! थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, चहाच्या निदान अर्धा तास आधी, आणि कॅल्शियम तिच्यापासून चारेक तास लांब ठेवायचं, नाहीतर ती अंगी लागतच नाही धड. माझीही चूक आहेच, प्रिस्क्रिप्शनची झेरॉक्स दिली आणि सुटलो, वेळा सांगितल्याच नाहीत. पण ११ जणांची औषधं सांभाळणाऱ्यांना हे माहीत असायला हवं की नाही? बाईंनी सबब नाही सांगितली हे खरं, दुसऱ्या दिवसापासून ६ वाजता वेगळ्या वाटीत गोळी, कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर, आणि तपासलं तर आणखी दोघांचाही हाच घोळ निघाला. दोनेक महिन्यांत आत्या परत भांडायला लागली.

खर्च महिन्याला २२ हजार, डायपर, औषधं, फिजिओ वेगळं, डिपॉझिट दोन महिन्यांचं. हॉस्पिटलात भरती करावं लागलं तर तिथे बसायला माणूस देत नाहीत, ते घरच्यांनी बघायचं, हे आधीच विचारून घ्या. ७० वर्षांवरच्यांचं ५ लाखांपर्यंतच्या मोफत उपचारांचं सरकारी आयुष्मान वय वंदना कार्ड आत्याला त्यांनीच मोबाईलवर बसून काढून दिलं, आम्ही नुसतं उद्या उद्या करत होतो.

रंगपंचमीला मात्र हाल असतात, गेरमुळे (रंगांची मोठी मिरवणूक) राजवाड्याकडचे रस्ते बंद, अर्ध्या बाया येतच नाहीत, यंदा दिवसभर ११ जणांना दोघीच होत्या. मी आणि बायको डबा घेऊन गेलो आणि संध्याकाळपर्यंत तिथेच अडकलो, बायकोने चौघांच्या वेण्या घातल्या.

पार्किंग नाही, गाडी बाहेर गल्लीत लावा. भेटायला दुपारी १ ते ४ जाऊ नका, सगळे झोपलेले असतात, आत्याला तर उठवलं की ती ओळखही दाखवत नाही.