कॅनव्हासचे जंगल बूट: दिवाळीपासून होळीपर्यंत रानात वापरल्यावर

दिवाळी सरल्यापासून होळीपर्यंत रानात हेच बूट पायात होते. हिरवा कॅनव्हास, घोट्याच्या वर चढणारे, रबरी तळवा. कोल्हापुरात हजाराच्या आसपास मिळाले. आमची भटकंती छोटीच, सकाळी निघून अंधाराच्या आत घरी. पण मसाई पठाराच्या कडेची झाडी असो की गगनबावड्याकडचं रान, निम्मा वेळ मळलेली वाट सोडून ढोरवाटांनी जातो. अशा चालण्यासाठी या बुटांना तोड नाही, असं माझं ठाम मत झालंय.

त्याचं मोठं कारण म्हणजे कुसळ. डिसेंबरात पठारावरचं गवत वाळलं की कुसळं सुटतात. टोक सुईसारखं, त्यावर मागं वळलेले बारीक केस, आणि शेपटी दवाच्या ओलाव्यानं पीळ सोडते, वाळली की परत पीळ घेते. त्यामुळं एकदा घुसलेलं कुसळ मागं येत नाही, आतच सरकत जातं. जाळीच्या कापडाचे महागडे ट्रेकिंग शूज इथंच हरतात: मोजे कुसळांनी भरतात आणि दर थोड्या वेळानं बसून वेचत राहावं लागतं. घट्ट विणीच्या कॅनव्हासमधून ती आत येत नाहीत. पँटचे पाय बुटात खोचले की तासभर गवतातून चाला, काही होत नाही.

कारवीच्या जाळीतही तेच. वाळक्या ताटांचे खुंट नडगीला आणि घोट्याला लागतात. निदान घोटा तरी शाबूत राहतो. साप चावण्यापासून मात्र हे कापड वाचवणार नाही. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळावर, दगडाखाली फुरसं असू शकतं, तेव्हा काठी पुढं हवीच.

जांभ्यावर पकड उत्तम. घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या माती-खड्यांच्या उतारावर, बरी. उतारावर वाळक्या पाल्याचा थर असेल तर कुठलाच तळवा टिकत नाही, आडवं पाऊल टाकत उतरायचं.

आता उणिवा. दवात कॅनव्हास भिजतो आणि दिवसभर ओला राहतो. आतला पातळ तळ मी पहिल्याच आठवड्यात बदलला. बोटांजवळ जिथं बूट दुमडतो तिथली शिवण फेब्रुवारीत उसवली. मोच्याकडून दुहेरी शिवून घेतली, तेव्हापासून ठीक आहे.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. या बुटांचा आवाज होत नाही. पक्षी बघायला ते छान, पण गव्याच्या रानात धोक्याचं. हजार किलोच्या घरातला नर झाडीत अचानक समोर दचकला तर पळायला जागा नसते. धनगरवाड्यावरच्या एका मामांनी सांगितलं, "बोलत जावा, खाकरत जावा. तुमी हाय म्हणून कळलं की त्योच बाजूला हुतोय." तेव्हापासून दाट जाळीत शिरताना आम्ही मोठ्यानं बोलतो. ताजं शेण दिसलं की वरच्या अंगानं वळसा घालतो. राधानगरी अभयारण्यात मात्र वाट सोडायचीच नाही. तिथं वनखात्याची परवानगी आणि स्थानिक गाईड घेऊन ठरलेल्या वाटेनं जायचं.

पावसाळ्यात हे बूट मी घालणार नाही, वाळायलाच सवड मिळत नाही. घेणार असाल तर संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, जाड मोजे घालून माप बघा. दुकानाच्या पायरीवरून उतरून पाहा. अंगठा पुढं आपटला तर एक नंबर मोठा घ्या.