जुन्या साडीचा काठ कुर्त्याला: मशीनची टीप की हाताची तुरपाई?

इरकल असो वा पैठणी, हातमागाचा काठ काढून कुर्त्याला लावायचा तर शिलाई कुठली हे दोन गोष्टींवर ठरतं. कुर्ता दर आठवड्याला पाण्यात जाणार का? आणि काठ पुढे उसवून दुसऱ्या कपड्याला लावायचा आहे का?

रोजच्या सुती कुर्त्याला इरकलीचा काठ लावायचा असेल तर बिनधास्त मशीन मारा. 11 नंबरची नवी सुई घ्या, टाका 3 मिलिमीटरचा ठेवा. टाका बारीक ठेवला तर काठाला भोकांची रांग पडते आणि पुढे तो तिथेच फाटतो. दोन्ही कडा एकाच दिशेने शिवा. एक डावीकडून आणि दुसरी उजवीकडून शिवली की काठ ओढला जाऊन तिरप्या चुण्या पडतात, आणि त्या इस्त्रीने जात नाहीत.

पैठणीच्या काठाला मशीन नकोच. सुईने जरीचा पत्रा तुटतो, आतला धागा उघडा पडतो. टीप उसवली तरी भोकं राहतात, म्हणजे तो काठ पुन्हा वापरायची सोय संपली. इथे तुरपाईच: बारीक सुई, एकेरी रेशमी दोरा, दर अर्ध्या सेंटिमीटरला एक टाका, तोही जर टाळून कडेच्या रेशमातून. पॉलिएस्टरचा दोरा वापरू नका; ताण आला की दोरा टिकतो, जुनं रेशीम तुटतं. घेर आणि बाह्या मिळून अडीच मीटर काठ धरला तर दोन कडांची पाच मीटर तुरपाई होते. हे काम दोन बैठकांचं आहे, आणि शिंपी त्याची मजुरी टिपेपेक्षा बरीच जास्त घेतो.

काठ कापताना मात्र दोन्हींना नियम एकच. बाहेरची कड विणलेली असते, आतली कापलेली. म्हणून साडीच्या अंगाचं दीड-दोन सेंटिमीटर कापड काठाला राहू द्या आणि तेच आत दुमडा. अगदी सांध्यावर कात्री चालवली की विणच सुटायला लागते. टाचण्यांऐवजी कच्चे टाके घाला. सुती कापड आधी धुऊन आटवून घ्या. पहिल्या धुण्यात मीटरमागे तीन-चार सेंटिमीटर आटणारं कापड कितीतरी आहे, आणि कापड आटलं, काठ नाही आटला, की काठ फुगतो. गोल घेराला हा काठ लावूच नका. तो वळत नाही.

इरकलीच्या लाल काठाचा रंग जातो का, तेही आधीच पाहा: ओलं पांढरं फडकं त्यावर पाच मिनिटं दाबून ठेवा. फडकं गुलाबी झालं तर पांढऱ्या कुर्त्याचा विचार सोडा.

पैठणीचा काठ ड्रायक्लीनलाच द्यावा लागतो, तेव्हा तो रेशमी कुर्त्याला शोभतो आणि परवडतोही. सुती कुर्त्याला लावून ‘दर धुण्याआधी उसवू’ म्हणणाऱ्यांचा उत्साह पहिल्या धुण्यापर्यंत टिकतो. इस्त्री उलट बाजूने, मध्ये सुती कापड ठेवून, मंद आचेवर करा; जरीचा पत्रा प्लास्टिकचा असेल तर गरम इस्त्रीला तो आक्रसतो. जरीवर थेट अत्तर मारू नका, आणि कपाटात जरीजवळ डांबराच्या गोळ्या ठेवू नका, जर काळवंडते. कुर्ता मलमलीत गुंडाळून ठेवा आणि दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदला, नाहीतर जर घडीवरच तुटते.