स्मोक अलार्म सिक्युरिटीला जोडायचेत? लिसनर, रिले की पॅनलचेच डिटेक्टर

अमेरिकेत घर घेतलं की बहुतेक वेळा छताला स्मोक अलार्म आयतेच मिळतात, १२० व्होल्टवर चालणारे, एकमेकांना वायरने बांधलेले, एक बोंबलला की सगळे बोंबलणार. प्रश्न एवढाच की घरात कोणी नसताना ते बोंबलून ऐकणार कोण. म्हणून ते सिक्युरिटी सिस्टिमच्या पॅनलला, म्हणजे तिच्या मुख्य डब्याला, जोडायचे. मार्ग तीन: अलार्मचा आवाज ऐकणारा लिसनर, अलार्मच्या वायरवर बसणारा रिले, किंवा थेट पॅनलशी बोलणारे पॅनलचेच डिटेक्टर. आमचं न्यू जर्सीतलं दुमजली घर, खाली बेसमेंट, एकूण सात अलार्म. लिसनर मी स्वतः दीड वर्ष वापरला, रिले मेव्हण्याकडे बसवताना शिडी धरून उभा होतो, आणि आता घरात पॅनलचे वायरलेस डिटेक्टर आहेत.

आधी रिले. अलार्मांना जोडणाऱ्या वायरवर एक वाजला की ९ व्होल्टचा सिग्नल येतो, रिले तो पकडतो आणि पॅनलला सांगतो. आयडिया मस्त, रिले पण स्वस्त. पण तो अलार्मच्या कंपनीशी जुळणारा लागतो, म्हणजे १० वर्षांनी अलार्म बदलताना कंपनी बदलली की रिलेही गेला. शिवाय १२० व्होल्टची वायर आणि पॅनलची बारीक वायर एकाच डब्यात कोंबायची नसते, त्यामुळे इलेक्ट्रिशियन आलाच, आणि मेव्हण्याचा रिलेपेक्षा जास्त खर्च त्याच्यावरच झाला. आणि एखाद्या अलार्मची बॅटरी मेली तर रिलेला पत्ताच नसतो, त्याला वाजलं की नाही एवढंच कळतं.

लिसनर त्यामानाने अगदी गरीब गाय. कुठल्याही एका अलार्मपासून सहा इंचांच्या आत चिकटवायचा, तो तीन बीप आणि मग गॅप हा पॅटर्न ऐकत बसतो (कार्बन मोनॉक्साइडचे चार बीप असतात), ऐकू आला की पॅनलला कळवतो. दहा मिनिटांचं काम, वायरला हात नाही, भाड्याचं घर किंवा छोटा काँडो असेल तर डोळे झाकून हाच घ्या असं मी म्हणेन.

पण मला नडली ती गोष्ट वेगळीच. आई सहा महिन्यांसाठी आली होती, मी जर्सी सिटीला ऑफिसात, दुपारी मोबाइलवर फक्त "फायर" एवढंच, आणि लगेच मॉनिटरिंगवाल्यांचा (पॅनलच्या अलार्मवर लक्ष ठेवणारी कंपनी) फोन की बंबाची गाडी पाठवू का. आता हे लाल मिरच्यांच्या फोडणीने वाजलं की बेसमेंटमधल्या फर्नेसने, मला कसं कळणार? लिसनरला सातातला कोणता आधी वाजला ते माहीतच नसतं, रिलेचंही तेच. आईला फोन लावला तर त्या गोंगाटात तिला रिंग ऐकू येईना. याआधी दोनदा फोडणीच निघाली होती म्हणून मी कॅन्सल म्हणालो होतो, तिसऱ्यांदा धीर झाला नाही, पाठवा म्हणालो. बंब आला, आई झारा हातात घेऊन दारात. बिचारे हसत परत गेले, पण बऱ्याच टाउनमध्ये फॉल्स अलार्म वारंवार झाले की दंड लागतो. आणि खरी भीती दंडाची नाहीच, एखाद दिवशी मी फोडणी समजून खऱ्या आगीला कॅन्सल म्हणेन याची होती.

म्हणून पॅनलचे डिटेक्टर. आता मोबाइलवर "किचन पॅसेज" किंवा "बेसमेंट" असं नाव येतं. बेसमेंट आलं तर विचारायचंच नाही, पाठवा. मी फोटोइलेक्ट्रिक (प्रकाशाच्या किरणाने धूर ओळखणारे) घेतले, शेगडीपासून १० फूट लांब लावले, आणि खुद्द किचनमध्ये धुराचा न लावता १३५ फॅरनहाइटला वाजणारा हीट डिटेक्टर लावला, फोडणीच्या घरात हे मला तरी बरं वाटलं. बॅटरी उतरली की तीही नावानिशी कळते, नाहीतर पहाटे तीनला स्टूल घेऊन कोण टुकटुक करतंय ते शोधत फिरणं कोणी केलं नाहीये!

आता तोटे. पैसे जास्त, प्रत्येक डिटेक्टर वेगळा घ्यावा लागतो, मी चारच घेतले. पॅनलचा सायरन आमच्या वरच्या बेडरूममध्ये दार लावलं की नीट ऐकू येत नाही. त्यामुळे जुने सात अजिबात काढायचे नाहीत, बिल्डिंग कोडप्रमाणेही (बांधकामाच्या नियमांप्रमाणे) ते लागतातच. बेडरूममधले जुने वाजले तर पॅनलला कळत नाही हे आहेच, म्हणून लिसनर अजून तिथेच ठेवलाय, फक्त तो मॉनिटरिंगला न कळवता मला नोटिफिकेशन देतो. आमच्या पॅनलला हे जमलं, तुमच्याला जमेल का ते आधी विचारा.

तुमच्याकडे दिवसा घरी कोणी नसेल आणि स्वयंपाक बेताचाच असेल तर एवढा खटाटोप कदाचित लागणारही नाही. पण आईवडील येऊन राहणार असतील तर मी पॅनलचेच घेईन, आणि मॉनिटरिंगचा पासवर्ड (त्यांचा फोन आला की ओळख पटवायला सांगायचा शब्द) देवनागरीत लिहून फ्रिजवर चिकटवेन, आमच्या फ्रिजवर आहे.

आणि काहीही घ्या, टेस्टचं बटण दाबायच्या आधी फोन करून मॉनिटरिंगवाल्यांकडून अकाउंट टेस्ट मोडवर टाकून घ्या, म्हणजे ते बंब पाठवणार नाहीत. नवे डिटेक्टर लावले त्या दिवशी मी विसरलो, आणि तोच बंब परत.