२७ च्या जागी ०७

जीएसटीचा नंबर पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे. महाराष्ट्राचे २७, दिल्लीचे ०७. हे मला कुणी शिकवायला नको, गेली सहा वर्षं मी लोकांची रिटर्न्स भरूनच पोट भरते आहे. तरीही १८ मे रोजी दुपारी सव्वातीनला, पुण्यातल्या अर्ध्या रिकाम्या फ्लॅटच्या दारात उभं राहून, ०७ ने सुरू होणाऱ्या बिलावर मी सही केली आणि वर ७,५०० रुपये पाठवले. आकडे दिसले नाहीत असं म्हणायची सोय नाही. दिसले. वाचले. आणि सही केली.

पॅकर्स-मूव्हर्सवाल्यांची ही जात तुम्हाला माहीतच असेल. आधी कमी कोटेशन, मग सामान गाडीत चढलं की भाव चढतो. मलाही माहीत होती. दोन वर्षांपूर्वी चुलतबहिणीला मीच बजावलं होतं, स्वस्ताच्या नादी लागू नकोस म्हणून. त्यामुळे हे लिहिताना लाज वाटते आहे, पण निदान ४०,७०० रुपयांच्या लाजेचा कुणाला तरी उपयोग व्हावा.

आमचं लग्न फेब्रुवारीत झालं. नवऱ्याला नागपूरला, मिहान या औद्योगिक भागात, नोकरी लागली, मला घरून काम करायची परवानगी मिळाली, म्हणून मनीषनगरात तिसऱ्या मजल्यावर वन बीएचके घेतला. भाडं १४,५००, डिपॉझिट ४५,०००, दलालाला एक महिन्याचं भाडं. शिवाय लग्नाची उधारी होतीच. एवढं सांगते कारण त्या महिन्यात आमच्या खात्यात काय उरलं असेल याचा अंदाज यावा. पुणे ते नागपूर, सामानाचे २३ डाग, म्हणजे नग. दोघांनी ३४,००० आणि ३१,५०० सांगितले, तिसऱ्याने सगळं धरून २१,०००. ज्यांना याला हाव म्हणायचं त्यांनी खुशाल म्हणा. मी तेव्हा काटकसर म्हणत होते.

नाव एका मोठ्या कंपनीसारखंच, फक्त एक अक्षर जास्त. टोकन ३,००० दिले ते एका माणसाच्या वैयक्तिक यूपीआयवर. आता सांगते, कंपनीच्या नावाचं खातं नसेल तर एक रुपया टाकू नका. "अकाउंटंट सुट्टीवर आहे, माझ्या नंबरवर टाका" हे वाक्य ऐकलं की फोन ठेवा.

सकाळी आठला येणारी माणसं साडेबाराला आली. त्यांचा उशीरसुद्धा ठरवलेला असतो, हे आता कळतं. आमची संध्याकाळची नागपूरची गाडी होती, तिकिटं तत्काळची. घरमालक किल्ल्या घ्यायला येऊन जिन्याच्या पायरीवर बसलेले. नवरा खाली गाडीपाशी, मी वर. गाडी म्हणजे छोटा हत्ती. विचारलं तर म्हणे, मोठी गाडी सोसायटीत शिरत नाही, पुढे मोठ्या गाडीत टाकू. तेही पटलं. पटवून घ्यायचं ठरवलं की सगळंच पटतं.

मग त्यांच्या सुपरवायझरने बिल्टी, म्हणजे मालवाहतुकीची पावती, आणि बिल पुढे केलं. वर पत्ता पुण्यातल्या वाकडचा. खाली नंबर ०७ चा. आणि कर लावलेला नऊ टक्के सीजीएसटी, नऊ टक्के एसजीएसटी! ही जोडी एकाच राज्यातल्या व्यवहाराला. दिल्लीच्या नंबरवरून पुण्यात असा कर लागत नाही, दोन राज्यांमधला आयजीएसटी लागतो. माझ्या हाताखालच्या पोरीने असं बिल नोंदवलं असतं तर मी तिला दहा मिनिटं उभं केलं असतं. तो नंबर जीएसटीच्या पोर्टलवर टाकून बघायला अर्धा मिनिट लागतो. फोन हातात होता. ज्या फोनवरून पैसे पाठवले तोच.

का नाही बघितलं? कारण फ्रिज जिन्यात होता. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर दोन हमाल फ्रिज तोलून उभे होते, तिसरा माझ्यासमोर पेन धरून "मॅडम, जल्दी" करत होता, घरमालक घड्याळ बघत होते. नंबर खोटा निघाला असता तर मी काय करणार होते? अर्धी भरलेली गाडी उतरवणार, तिकिटं सोडणार, घरमालकाला अजून एक रात्र मागणार, दुसऱ्याला ३४,००० देणार? उत्तराची धास्ती होती म्हणून नंबर टाकलाच नाही. दिल्लीला हेड ऑफिस असेल, अशी माझी मीच समजूत घातली.

सह्यांच्या त्या कागदांत सामानाची यादी होती. तिच्यात प्रत्येक वस्तूपुढे आधीच टाइप केलेलं, "ओल्ड, स्क्रॅच्ड". तीन महिन्यांच्या वॉशिंग मशीनपुढेही. तीही मी वाचली नाही. तुम्ही वाचा. आणि पेनने खोडा, त्यांच्यासमोर. डाग बांधायच्या आधी प्रत्येकाचा फोटो काढा, खोक्यावरच्या नंबरासकट.

दुसऱ्या दिवशी रात्री फोन. अडीच लाख डिक्लेअर्ड व्हॅल्यू, त्यावर तीन टक्के ट्रान्झिट इन्शुरन्स, ७,५०० रुपये, "फुल्ली रिफंडेबल मॅडम". विम्याचा हप्ता कधी परत मिळतो का? खरा विमा असेल तर विमा कंपनीची पॉलिसी तुमच्या नावावर निघते, तिला नंबर असतो. मी पॉलिसी मागितली. "डिलिव्हरीसोबत येईल." आणि पैसे न भरल्यास गाडी पुढे निघणार नाही. भरले.

सामान २१ ला यायचं होतं. २२ उजाडली. शेजारच्या काकूंनी दोन चटया, एक पातेलं आणि झारा दिला होता. आम्ही भिंतीला पाठ लावून सकाळी बाहेरचे पोहे खायचो, रात्री खिचडी. दुपारी फरशीवर पाणी ओतून त्यावर ओली चादर टाकायची आणि पडायचं. नव्या संसाराची पहिली आठवण ही. तरी हसत होतो, ते खरं.

त्या दिवशी मी आंघोळीला गेले असताना नवऱ्याला फोन आला की गाडी नाक्यावर अडकली आहे, जकात आणि प्रवेश कर मिळून ३,२०० भरा, नाहीतर दंड. याने भरले. मला कशाला त्रास, म्हणून विचारलंही नाही. मी बाहेर आले आणि ऐकून बघतच राहिले. अहो, जीएसटी लागू झाला १ जुलै २०१७ ला, जकात केव्हाच संपली! जीएसटीची रिटर्न्स भरणाऱ्या बाईच्या घरातून जकात भरली जाते! मी त्याला इतकं बोलले, इतकं बोलले, की काकूंनी गॅलरीतून डोकावून बघितलं. तो गप्प. मग एवढंच म्हणाला, "तू नसतीस भरले?" मी बोलायची थांबले, कारण माझ्या पोटात ते ०७ होतं आणि मी त्याला त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. त्याच दुपारी मोरीचं दार लावून मी पोर्टलवर तो नंबर टाकला. नोंदणी रद्द.

(ई-वे बिलाच्या नावाखालीही मागतात. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागत नाही. देऊ नका.)

२६ ला नागपूरजवळच्या वाडीहून फोन आला, माल गोडाऊनला आहे, येऊन हिशोब करा. अमरावती रोडवर वाडीच्या पुढे आत पत्र्याची शेड, वर ऊन असं की स्कूटरच्या सीटवर बसवेना. शटर अर्धं वर होतं. आत आमची खोकी दिसत होती, आईने मार्करने लिहिलेलं "स्वयंपाकघर, जपून" हे अक्षर मी रस्त्यावरून ओळखलं. टेबलावरचा माणूस डबा खात होता. कांदा फोडता फोडता म्हणाला, "बाकी साडेदहा, होल्डिंग आणि अनलोडिंगचे अठरा. पेमेंट क्लिअर करा, गाडी सोडतो." मी बिलाचं बोलले, नंबर रद्द असल्याचं बोलले, मोठ्याने बोलले. तो म्हणाला, "जीएसटीवाल्यांना सांगा नं मॅडम, मी काय करू?" आणि पोळीचा तुकडा मोडला.

तासाभराने अठरा हजारांचे ९,००० झाले. रोख. कूलरसाठी वेगळे काढून ठेवलेले ९,०००. साडेदहा हजारही रोखच घेतले, पावती नाही. ३,०००, ७,५००, ७,५००, ३,२००, १०,५००, ९,०००. बेरीज ४०,७००. ज्याला महाग म्हणून सोडला त्याच्यापेक्षा ६,७०० जास्त.

२७ ला सामान आलं. २३ पैकी २२ डाग. वॉशिंग मशीनचं झाकण फुटलेलं; यादी दाखवली, "ओल्ड, स्क्रॅच्ड, मॅडम, तुमचीच सही". १७ नंबरचं खोकं आलं नाही ते नाहीच. त्यात आजीचं पितळी पुरणयंत्र होतं. त्या रात्री खोक्यांच्या ढिगात बसून मी याला ०७ चं सांगितलं. त्याने भांडायला हवं होतं, माझी तयारी होती. तो म्हणाला, "म्हणजे जकातीवरून मी उगाच ऐकून घेतलं." आणि झोपला. मला मात्र झोप आली नाही. काकूंचा प्रश्न कानात होता, "काहून वं पोरी, कूलर नाही घेतला काय अजून? नवतपा लागून राहिला नं!" नवतपा म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस.

आता सरकारी पाहुणचार. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी सांगितलं, साहेब बंदोबस्ताला गेले, उद्या या. दुसऱ्या दिवशी साहेब होते, त्यांनी पूर्ण ऐकलं आणि विचारलं, "माल भेटला नं? मंग आता काय पायजे?" मी म्हटलं, पैसे उकळले आहेत, एक डाग गायब आहे. तर म्हणे व्यवहार पुण्यात झाला, तिकडे तक्रार करा. पुण्याच्या ठाण्यात फोन केला, ते म्हणाले माल नागपुरात अडवला, तिथलीच हद्द. मी पुन्हा इथे गेले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३, हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवून घ्यायची, झिरो एफआयआर. हे मी मान खाली घालून, अगदी नम्रपणे म्हटलं. "वकील आहात काय मॅडम?" नाही. "मंग?" बाजूचे दोघं हसले. शेवटी साध्या कागदावरचा अर्ज घेतला, आणि पोच मागितली तर शिक्का सापडेना. शिक्का! ठाण्यात! चाळीस मिनिटं बसले तेव्हा तो ड्रॉवरमध्येच निघाला. "हा दिवाणी मामला आहे" हे वाक्य मी त्या आठवड्यात तीन वेगवेगळ्या टेबलांवर ऐकलं. सामान अडवून पैसे मागणं दिवाणी कसं, हे तिन्ही टेबलांवर कुणी सांगू शकलं नाही. मोटारसायकल अडवून हजार रुपये मागितले तर लूट, आणि अख्खा संसार अडवून वीस हजार मागितले तर व्यवहारातला वाद!

बँकेत त्याहून गोड बोलले. पाणी दिलं, खुर्ची दिली. पिन तुम्हीच टाकला ना, मग व्यवहार तुमच्या संमतीचा. ज्यांच्या खात्यांत पैसे गेले ती तीन वेगवेगळी खाती तीन वेगवेगळ्या माणसांची, त्यांची माहिती गोपनीय. माझी फसवणूक उघडी, त्यांची नावं झाकलेली.

तुमच्याबाबत असं झालं तर आधी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन लावा, आणि पहिल्या तासाभरात लावा. मी पाचव्या दिवशी लावला, तोवर खाती कोरडी. ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंत दिलेल्या मोबदल्याच्या तक्रारीला फी नाही, वकीलही लागत नाही. पण समोरच्याचा पत्ता लागतो. माझ्या बिलावरच्या वाकडच्या पत्त्यावर पुण्याची मैत्रीण जाऊन आली. तिथे सलून आहे. त्याच्या मालकाने तिला सांगितलं, या महिन्यात तुम्ही चौथ्या. तेव्हा पैसे द्यायच्या आधी कुणाला तरी त्या पत्त्यावर पाठवा, नुसतं फोटोत बघू नका. गाडीचा नंबर बिल्टीवरच्या नंबराशी जुळतो का बघा. आणि स्थलांतराच्या दिवशी संध्याकाळची गाडी धरू नका, एक रात्र हातात ठेवा. त्यांना तुमची घाई विकत हवी असते.

गेल्या रविवारी आम्ही पुन्हा वाडीला गेलो, आयोगाच्या तक्रारीला निदान गोडाऊनचा पत्ता जोडावा म्हणून. शटर बंद होतं. वर नवा फ्लेक्स, नवं नाव, नवे मोबाइल नंबर. कोपऱ्यात बारीक अक्षरात जीएसटी क्रमांक. याने स्कूटर थांबवून मोबाइलचा कॅमेरा मोठा केला आणि एकेक अक्षर वाचत गेला, मी हातातल्या बिलावर बोट ठेवून जुळवत गेले. शून्य, सात. पंधराच्या पंधरा तीच.