मालागा : भाड्याची गाडी की रेल्वे-बस?

स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या मालागाच्या विमानतळावर एका बाजूला भाड्याच्या गाड्यांचे काउंटर आणि बाहेर पडलं की लगेच लोकल रेल्वेचं स्टेशन. पहिल्या खेपेला आम्ही काउंटरकडे वळलो, दुसऱ्या खेपेला स्टेशनकडे. दोन्हीचा हिशोब मांडतो.

शहरात

शहरापुरती गाडी म्हणजे निव्वळ ओझं. लोकल दर वीस मिनिटांनी सुटते आणि साधारण बारा मिनिटांत तुम्हाला मध्यवस्तीत सोडते. तिथून पुढे सगळं पायी. लारिओस हा मुख्य रस्ताच पादचाऱ्यांचा. अल्काझाबा किल्ला, त्याच्या पायथ्याचं रोमन नाट्यगृह, एकच मनोरा पूर्ण झाल्यामुळे ‘ला मांकिता’ म्हणजे एका हाताची म्हणून ओळखलं जाणारं कॅथेड्रल, १८८१ मध्ये पिकासो जन्मला तो मेर्सेद चौक, सगळं एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर. पहिल्या खेपेला आमची गाडी तीन दिवस भूमिगत पार्किंगमध्ये उभी होती. गाडीचं भाडं चालूच, वर पार्किंगचं वेगळं. रस्त्यावर जागा शोधायला जाल, तर हातवारे करून गाडी लावून देणारा आणि मग नाण्यासाठी थांबणारा कुणीतरी तिथेही भेटतो. क्षणभर पुण्यातच आल्यासारखं वाटतं.

सोबत गुडघेदुखीचे ज्येष्ठ असले तर गाडी हवीच, असं आम्हालाही वाटलं होतं. पण जुन्या गल्ल्यांत गाडी शिरतच नाही. हिब्राल्फारोच्या टेकडीवर मात्र ३५ नंबरची बस थेट वर नेते, सासूबाई त्यावर खूश होत्या.

किनाऱ्याने

पश्चिमेला तोरेमोलिनोस, बेनाल्मादेना, फुएनहिरोला या पट्ट्यात तीच लोकल धावते. रेल्वेच घ्या. मार्बेयाला रेल्वे नाही, पण बस आहे.

पूर्वेला नेर्हाच्या बाबतीत पारडी सारखी. १९५९ मध्ये सापडलेल्या तिथल्या गुहा बसनेही बघून होतात. वरच्या डोंगरातलं फ्रिहिलियाना आणि मारोचे छोटे किनारे एकाच दिवसात करायचे असतील, तर गाडीने जीव सुटा राहतो.

ग्रानादा शहरात गाडी नेऊ नका. तिथल्या अल्बाइसीन या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांत परवानगीशिवाय शिरलात तर कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड गाडीच्या कंपनीमार्फत घरी येतो. बस थेट जाते. अल्हाम्ब्रा या तिथल्या किल्ल्याचं तिकीट मात्र आधीच काढा. त्याच्या आतल्या नासरी महालांची वेळ ठरलेली असते आणि पासपोर्ट लागतो.

कामिनितो देल रेय या कड्यावरच्या पायवाटेला गाडीचा उपयोग तुम्हाला वाटतो त्याहून कमी. वाट एकदिशा आहे, शिरता एका टोकाला आणि निघता दुसऱ्या. गाडीवाल्यांना पुन्हा शटल बस धरून गाडीपर्यंत यावं लागतं. रेल्वेवाले एल चोरोला उतरतात आणि तेही शटलनेच सुरुवातीला जातात. म्हणजे बरोबरी.

डोंगरात

इथे मात्र गाडीला तोड नाही. रोंदा या दरीकाठच्या गावाला बस जाते, पण तिच्या वेळापत्रकावर तुमचा दिवस बेतावा लागतो. शिवाय १७९३ साली पूर्ण झालेला, जवळजवळ शंभर मीटर खोल दरीवरचा तिथला पूल दिवसभर गर्दीत असतो. मुक्काम केला तर सकाळी तो जवळपास तुमचाच. पुढची पांढऱ्या घरांची गावं, म्हणजे प्रचंड खडकाच्या छताखाली घरं असलेलं सेतेनील, तलावाकाठचं साहारा, ग्रासालेमा, ही बसने एका दिवसात जोडणं जवळपास अशक्य. गाडी गावाबाहेर लावा आणि चालत आत जा. सेतेनीलच्या खडकाखालच्या गल्लीत गाडी घालण्याचं धाडस करू नका.

चालवणं

भारतीय लायसन्ससोबत इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट लागतं. ते निघण्यापूर्वी आपल्या आरटीओतून काढायचं. फी हजार रुपये, मुदत एक वर्ष. जर्मनीत किंवा ब्रिटनमध्ये राहून तिथलं लायसन्स मिळवलेल्यांना ही यातायात नाही. डिपॉझिटसाठी चालवणाऱ्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड मागतात, डेबिट कार्डावर काउंटरवाले बहुतेक नाक मुरडतात. ऑटोमॅटिक हवी असेल तर वेळेत बुक करा, तिकडे गिअरच्या गाड्या स्वस्त.

उजव्या बाजूने चालवण्याची सवय तासाभरात होते. घात होतो तो वेगळ्याच ठिकाणी. तिकडे चालवणारा डावीकडे बसतो, त्यामुळे गाडीची उजवी बाजू किती बाहेर आहे याचा अंदाज चुकतो. पार्किंगच्या उतारावर आमचा उजवा दरवाजा खांबाला घासला आणि डिपॉझिटमधून चांगलीच रक्कम गेली. तेव्हापासून शून्य कपातीचा, म्हणजे नुकसानीपोटी डिपॉझिटमधून काहीच न कापणारा विमा घेतल्याशिवाय मी चावी हातात घेत नाही. मारुतीची सवय असलेल्यांनी वळताना इंडिकेटरऐवजी वायपर चालू केला, तर हसण्यावारी न्या. सर्कलमध्ये डावीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. महामार्गावर मर्यादा १२०. शहरात दोन्ही दिशांना एकेक लेन असेल तर ३०.

माझं मत

पाच-सहा दिवस असतील तर आधीचे दिवस शहर, किनारा आणि ग्रानादा रेल्वे-बसने करा. शेवटचे दोन दिवस डोंगरासाठी गाडी घ्या. मालागाच्या मारिया साम्ब्रानो या मुख्य रेल्वे स्टेशनवरही गाड्या मिळतात, पण शाखेची रविवारची वेळ आधी बघून ठेवा, नाहीतर विमानतळावर परत करण्याचा पर्याय निवडा. ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात मिरवणुकांसाठी मध्यवस्तीतले रस्ते बंद होतात, तेव्हा तर गाडी शहराबाहेरच बरी.

रोंदाहून परतताना सान पेद्रोकडे उतरणारा घाट उजेडी उतरा. हवा स्वच्छ असेल तर खाली समुद्र आणि त्यापलीकडे आफ्रिकेचा किनारा दिसतो, म्हणे. चालवत मी होतो. बघितलं ते बाकीच्यांनी.